सत्तेचाळीस व्हिडिओंतला गहाळ आवाज

१

"माझ्या बायकोचा आवाज चोरीला गेलाय," मास्तर म्हणाले, आणि चष्म्याच्या घरातून एक पेनड्राइव्ह काढून त्यांनी टेबलावर ठेवला.

तपासनीसांनी आधी चष्म्याच्या घराकडे पाहिलं, मग मास्तरांच्या नाकाकडे. चष्मा नाकावर होता. म्हणजे डोकं ठिकाणावर असण्याची शक्यता होती. त्यांनी मास्तरांना बसायला सांगितलं आणि चहाचा दुसरा कप धुवायला घेतला. तो कप वापरात नसे. त्यात पेन्सिली असत.

विमा कंपनीसाठी लोकांचे दावे तपासण्यात तपासनीसांची तीस वर्षं गेली होती. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी इमारतीत सगळे त्यांना तपासनीसच म्हणत. दारावर नावाची पाटी होती, पण ती वाचायला तिसऱ्या मजल्यापर्यंत चढतो कोण. काही हरवलं तरच माणसं वर यायची. आजवर त्यांनी दोन मांजरं, असंख्य किल्ल्या आणि एक कवळी शोधून दिली होती. कवळी कुठे सापडली ते मात्र ते कुणाला सांगत नसत.

तळमजल्यावर राहणारे मास्तर गणिताचे. त्यांची बायको जाऊन सात महिने झाले होते.

"सत्तेचाळीस व्हिडिओ आहेत," मास्तर म्हणाले. "बावीस वर्षांचे. सगळे तिनेच काढलेले. व्हिडिओ संपायच्या आधी ती काहीतरी बोलायची. नेहमी. मी तिथे असायचो, मी ऐकलंय. आता बघतोय तर एकातही ती बोलत नाही. बोलायची वेळ आली की व्हिडिओ खलास."

"काय बोलायची?"

"ते नाही आठवत. पण बोलायची."

"दुसरीकडे कुठे आवाज असेल. फोनवरचा निरोप वगैरे?"

"मी घरातच असायचो हो. निरोप कशाला ठेवेल?" मास्तरांनी चहाचा घोट घेतला. चहाला पेन्सिलीचा वास येत असावा, पण ते बोलले नाहीत. "तुम्हाला सांगतो, साहेब. तिची वाक्यं आठवतात. औषध घेतलंत का, दार लावलंत का. पण हल्ली डोक्यात ती माझ्याच आवाजात ऐकू येतात. अजून सहा महिन्यांनी तिचा आवाज कसा होता ते मला सांगता येणार नाही."

तपासनीसांनी कपातून काढलेल्या पेन्सिलींतली एक उचलली. "संशय कुणावर?"

"मुलीवर," मास्तर म्हणाले.

२

मास्तरांची मांडणी गणितासारखी होती. तीन आठवड्यांपूर्वी, रविवारी, मुलगी दिवसभरासाठी आली होती. त्याच दिवशी मास्तरांनी कॉम्प्युटरच्या फोटो लायब्ररीतून सगळे व्हिडिओ पेनड्राइव्हवर एक्स्पोर्ट केले. जेवण झाल्यावर ते तासभर झोपले. मुलगी तेवढा वेळ त्याच खोलीत होती. सोमवारी त्यांनी पेनड्राइव्ह टीव्हीला लावला, तर आवाज गायब. मग त्यांनी एकेका फाइलची तारीख पाहिली.

"सत्तेचाळीसच्या सत्तेचाळीस फाइलींवर त्या रविवारचीच तारीख. बावीस वर्षांच्या व्हिडिओंवर एकच तारीख कशी येईल? त्या दिवशी कुणीतरी हात लावला म्हणूनच ना? म्हणून सिद्ध."

"मग तुम्ही काय केलंत?"

"फोन केला. विचारलं, आईचा आवाज तुला एकटीलाच हवाय का. तिने फोन ठेवला. तीन आठवडे झाले, ती फोन करत नाही." ते पुढे म्हणाले, "आधी दर दोन दिवसांनी करायची. म्हणजे आईला करायची. मग मला करायला लागली."

दोघं तळमजल्यावर गेले आणि टीव्हीसमोर बसले. तपासनीसांनी त्या दुपारी एका कुटुंबाची बावीस वर्षं पाहिली. मुलगी सायकल शिकली, पडली, पुन्हा शिकली. वॉशिंग मशीन घरात आलं आणि शेजारीपाजारी त्याभोवती पाव्हणा आल्यासारखे उभे राहिले. मुलीचे दात पडले, आले, त्यांना तार बसली. काढणारी बाई कुठेही दिसत नव्हती आणि बोलत नव्हती. एकोणिसाव्या व्हिडिओत जिन्यावर एक माणूस पावाची पिशवी आणि छत्री घेऊन सावकाश वर चढत होता. तो दिसेनासा होईपर्यंत कॅमेरा त्याच्यावर होता. आपली पाठ तपासनीसांनी पहिल्यांदाच पाहिली. दुसऱ्या कुणी त्यांचा व्हिडिओ काढल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

विसाव्या व्हिडिओनंतर त्यांनी चित्रं सोडून फक्त शेवट पाहायला सुरुवात केली. शेवट सगळीकडे सारखाच होता. कॅमेरा जे दाखवत होता ते सोडून बाजूला वळायला लागे, आणि वळता वळता व्हिडिओ संपे. एकात पडद्याची कड आली होती. एकात बागेतल्या बाकाचं टोक. एकात वर्तमानपत्राचा कोपरा.

"एक्स्पोर्ट कसं केलंत?" त्यांनी विचारलं.

"त्यात काय. दोन पर्याय येतात. एक साधा, आणि एकावर लिहिलेलं असतं, मूळ, बदल न केलेलं. मी साधा घेतला. कच्चं काम घेऊन काय करायचंय? पक्कं तेवढं हवं." चौतीस वर्षं कच्चं काम न खोडणाऱ्या मुलांचा एक एक गुण कापलेला माणूस बोलत होता.

"कॉम्प्युटर पाहू."

"तो नाहीये. जुना झाला होता. दुरुस्तीवाला घेऊन गेला. शुक्रवारी सकाळी पुसून कोरा करणार, मग शाळेच्या वाचनालयाला द्यायचा."

तपासनीसांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. गुरुवार होता. त्यांनी दुरुस्तीवाल्याला फोन लावला. फोन न उचलण्याबद्दल तो प्रसिद्ध होता, आणि त्याचं दुकान गुरुवारी बंद असे.

३

मास्तरांची मेव्हणी दोन गल्ल्या पलीकडे राहायची. निवृत्त नर्स. बहिणीच्या आजारपणापासून मास्तरांच्या घराची एक किल्ली तिच्याकडे होती, म्हणून संशयितांच्या यादीत तिचं नाव दुसरं होतं.

"भाऊजींनी पाठवलं का तुम्हाला?" दार अर्धंच उघडून तिने विचारलं. "स्वतः यायला पाय दुखतात त्यांचे?"

"ताई, व्हिडिओंबद्दल विचारायचं होतं."

"आवाजाबद्दल म्हणा ना. कळलंय मला. सगळ्या इमारतीला कळलंय." तिने दार पूर्ण उघडलं. खोलीत एक खुर्ची होती आणि एक पलंग. खुर्ची त्यांना देऊन ती पलंगावर बसली. "आता हवाय आवाज. समोर होता तेव्हा पेपरात डोकं घालून बसायचे."

"त्या आवाजाचं तुमच्याकडे काही आहे?"

"माझ्याकडे तिचे दोन स्वेटर आहेत. ते बोलत नाहीत."

तपासनीसांनी हे लिहून घेतलं नाही. त्यांनी विचारलं, व्हिडिओ काढताना ती गप्प का असायची.

"व्हिडिओ काढायच्या क्लासमध्ये शिकवलं होतं तिला. कॅमेरा ज्याच्या हातात त्याने बोलायचं नाही, नाहीतर त्याचाच आवाज मोठा येतो. शिकवलेलं सगळं ती पाळायची. जुन्या टेपा कॉम्प्युटरवर चढवून घेतल्या, रोज दुपारी बसून व्हिडिओ नीट करायची. नीट झाल्याशिवाय कुणाला दाखवायची नाही. मला साठ वर्षं पूर्ण झाली तेव्हा एक डिस्क दिली होती तिने. चार वर्षं झाली. बारा व्हिडिओ आहेत तिच्यात."

"पाहिलीत?"

"एकदा लावली. इतकी जाड दिसते मी त्यात की लगेच बंद केली." तिने कपाटातून डिस्क काढली. खोक्यावर बारीक, सरळ अक्षरात बारा नावं होती. "घेऊन जा. पण परत आणून द्या. आणि आलात की जरा बसा, अशी घाई करू नका. माझ्याकडे चोरी झाल्याशिवाय कुणी येत नाही."

आमच्याकडेही तसंच आहे, असं तपासनीसांच्या ओठांवर आलं होतं. ते उठले.

"मुलीला विचारा," दारापर्यंत येऊन ती म्हणाली. "तिला सगळं माहीत आहे. सांगणार मात्र नाही."

४

मुलगी दुसऱ्या शहरात एका प्रयोगशाळेत काम करायची. तपासनीसांनी फोन लावला तेव्हा तिच्या मागे कसलंतरी यंत्र घरघरत होतं.

"काका, तुम्ही? बाबा बरे आहेत ना?"

"बरे आहेत. मी व्हिडिओंच्या संदर्भात फोन केलाय."

तिने कुणाला तरी 'आलेच' म्हटलेलं ऐकू आलं.

"त्या रविवारी तू कॉम्प्युटरवर बसली होतीस?"

"बसले होते. बाबा एक्स्पोर्ट सुरू करून झोपले होते. मी बघत बसले होते, ती पट्टी पुढे सरकत होती."

"फक्त बघत?"

"काका, तुम्हाला काय हवंय?"

"व्हिडिओ कुणी कापले ते."

तीस वर्षांत तपासनीसांनी खोटं बोलणारी माणसं शेकड्याने ऐकली होती. ती उत्तर देण्याआधी एक तर फार घाई करतात, नाहीतर गप्प राहतात. मुलगी गप्प राहिली.

"मी कापले," ती म्हणाली. "बाबांना सांगा, मीच कापले. आणि आता तो आवाज कुठेही शिल्लक नाही, तेव्हा शोधणं थांबवा म्हणावं."

"नेमके कुठून कापलेस?"

"कॅमेरा वळायला लागतो तिथून."

ही गोष्ट तपासनीसांनी अजून कुणालाही सांगितली नव्हती. मास्तरांनाही नाही.

"का कापलेस?"

"ते विचारू नका ना काका," ती म्हणाली, आणि तिने फोन ठेवला. आपटला नाही, हळूच ठेवला.

कबुली होती, तपशील जुळत होता, तारीख जुळत होती. कंपनीत असते तर एवढ्यावर फाइल बंद झाली असती. तपासनीस घरी गेले. जेवताना त्यांच्या लक्षात आलं की, ज्याने गुन्हा केलाय तो शोधणं थांबवा असं म्हणतो ते स्वतःच्या भीतीने. या मुलीच्या आवाजात भीती होती, पण ती स्वतःसाठी वाटत नव्हती.

५

शुक्रवारी दुकान उघडायच्या आधीच ते फुटपाथवर उभे होते. दुरुस्तीवाला पाऊण तास उशिरा आला.

"मास्तरांचा कॉम्प्युटर पुसला का?"

"आजच करणार होतो." कुलूप काढत तो म्हणाला. "मंगळवारीच करणार होतो खरं तर. म्हटलं, बघू."

या माणसाच्या आळसाबद्दल तपासनीसांनी दोनदा तक्रार केली होती. त्या दोन्ही त्यांनी मनातल्या मनात मागे घेतल्या.

कॉम्प्युटर टेबलाखाली होता, वर दुरुस्तीवाल्याचा डबा ठेवलेला. चालू व्हायला त्याने पुष्कळ वेळ घेतला. तेवढ्यात तपासनीसांनी पहिला प्रश्न विचारला. बावीस वर्षांच्या फाइलींवर एकच तारीख कशी येते?

"एक्स्पोर्ट ज्या दिवशी केलं त्या दिवसाची येते. नवी प्रत बनते ना. सेटिंग बदललं नाही तर असंच होतं." त्याने एक व्हिडिओ एक्स्पोर्ट करून दाखवला. मुलगी सायकलवरून पडत होती, आणि फाइलवर आजची तारीख होती. "मास्तरांना कुणीतरी सांगायला हवं होतं."

मास्तरांना कुणी काही सांगत नाही, हे तपासनीसांच्या एव्हाना ध्यानात आलं होतं.

मग त्यांनी डिस्क पुढे केली. दुरुस्तीवाल्याने डिस्कवरचा एक व्हिडिओ आणि पेनड्राइव्हवरचा तोच व्हिडिओ शेजारी शेजारी लावला. दोन्ही एकाच जागी संपले, पडद्याच्या त्याच कडेवर. दुसरा लावला, तिसरा लावला. बाराही तसेच.

तारीख काहीच सिद्ध करत नव्हती. डिस्क मात्र करत होती. चार वर्षांपूर्वी कापलेला व्हिडिओ तीन आठवड्यांपूर्वीच्या रविवारी मुलीने कापणं शक्य नव्हतं. मेव्हणीला तर डिस्क कापलेलीच मिळाली होती. दुरुस्तीवाल्याकडे कॉम्प्युटर पहिल्यांदा गेला तोच गेल्या वर्षी. आणि चार वर्षांपूर्वी त्या कॉम्प्युटरसमोर रोज दुपारी एकच व्यक्ती बसत होती.

"हे बघा," दुरुस्तीवाला म्हणाला. लायब्ररीतल्या प्रत्येक व्हिडिओच्या कोपऱ्यात एक बारीक खूण होती. "बदल केल्याची खूण. पण हे सॉफ्टवेअर कापलेलं फेकत नाही. मूळ ठेवतं, आणि कापलेलं दाखवतं. साधं एक्स्पोर्ट केलं तर कापलेलं बाहेर येतं. मूळ मागितलं तर सगळं येतं. लावू?"

त्याने एक मूळ व्हिडिओ लावला आणि आवाज वाढवला. कॅमेरा वळला, पडद्याची कड आली, आणि या वेळी व्हिडिओ संपला नाही. आणखी आठ सेकंद चालला.

"बंद करा," तपासनीस म्हणाले.

"अहो, पण हेच तर हवं होतं ना?"

"हो. पण बंद करा."

आठ सेकंदांत त्यांना सगळं कळलं होतं. मुलगी खोटं का बोलली तेही. आपण मांजरांपुरतंच राहायला हवं होतं, असं त्यांना वाटलं.

६

कॉम्प्युटर पुन्हा मास्तरांच्या खोलीत, आपल्या जुन्या जागी आला. दुरुस्तीवाला जोडणी करून गेला. तपासनीस उभेच होते.

"तुमच्या मुलीने काही केलेलं नाही," त्यांनी सुरुवात केली, आणि तारीख, डिस्क, खूण, मुलीने फोनवर दिलेली कबुली असं एकेक सांगितलं. मास्तर पायरी पायरीने मान हलवत होते. कुठे चूक सापडते का ते पाहण्याची सवय गेली नव्हती.

"म्हणजे तिनेच कापले," मास्तर म्हणाले. "स्वतःचा आवाज स्वतःच. आवडत नसेल तिला. असतं बायकांचं असं." त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. "आणि मूळ आहेत म्हणता? सगळे?"

"सगळे आहेत. मास्तर, तुमची केस सुटली. इथेच थांबलात तरी चालेल. मुलीला फोन करा."

"थांबू? अहो, ऐकायलाच तर एवढा खटाटोप केला."

"मी जातो मग."

"बसा हो. एकट्याने काय ऐकायचं."

तपासनीस बसले. मास्तरांनी वॉशिंग मशीनचा व्हिडिओ लावला. कॅमेरा मशीनवरून निघाला, वळला, खिडकीपाशी खुर्चीत उघडलेल्या वर्तमानपत्रावर थांबला. आणि एक बारीक, जरासा हसरा आवाज म्हणाला, "आणि हे आमचे मास्तर. काहीतरी बोला ना हो."

मास्तरांनी डोळे मिटले. तो आवाज त्यांना हवा होता तसाच होता, त्यांच्या आवाजासारखा अजिबात नव्हता.

वर्तमानपत्राच्या मागून दुसरा आवाज आला. "बंद कर ते खूळ."

व्हिडिओ संपला. मास्तरांनी डोळे उघडले नाहीत. मग त्यांनी दुसरा लावला. बागेतला बाक. "आता तुमची पाळी. दोन शब्द." "तुला दुसरी कामं नाहीत का गं?" तिसरा. "आपली मुलगी पहिली आली, काही सांगा की तिच्याबद्दल." "पहिली आली ती अभ्यासाने आली, तुझ्या कॅमेऱ्याने नाही. हलव तो." एकात नुसताच कागद झटकल्याचा आवाज होता, आणि तिचं "बरं."

तपासनीसांना खिडकीबाहेर पाहण्यासारखं काही नव्हतं, तरी ते बाहेर पाहत राहिले. मास्तर सत्तेचाळीस संपेपर्यंत थांबले नाहीत. सगळे शेवट मिळून सहा मिनिटांचे होते. बावीस वर्षं ती विचारत राहिली होती, आणि नंतर दुपारी एकटी बसून एकेकाची शेपटी कापत राहिली होती.

"माझं कापलंय तिने," मास्तर शेवटी म्हणाले.

"तुमचं उत्तर कापायचं तर तिचा प्रश्नही जाणार होता. मध्ये जागाच ठेवली नव्हती तुम्ही."

असं बोलायला नको होतं, हे तपासनीसांना बोलून झाल्यावर कळलं. पण मास्तरांनी मान हलवली. पायरी बरोबर होती.

"मुलीने तुमच्यापाशी कबूल केलं म्हणालात."

"केलं. तुम्ही शोधणं थांबवावं म्हणून."

मास्तरांनी फोन हातात घेतला. मग त्यांनी तो लावला. तपासनीस उठायला लागले, तर मास्तरांनी हाताने बसायची खूण केली. तीनदा वाजल्यावर पलीकडून घरघर ऐकू आली.

"मी बोलतोय," मास्तर म्हणाले. "तू काही कापलं नव्हतंस."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"व्हिडिओ पाठवतोय तुला. सगळे. मूळ."

"माझ्याकडे आहेत, बाबा. नीट केलेले. ते पुरेत मला."

"त्यात आईचा आवाज नाही."

मागचं यंत्र कुणीतरी बंद केलं असावं. घरघर थांबली.

"पाठवा," ती म्हणाली.

"त्यात माझाही आहे."

"माहीत आहे, बाबा. मी तिथेच होते."

मास्तरांना त्यावर काहीतरी म्हणायचं होतं. मुलीने फोन ठेवला नाही. मास्तरांनीही ठेवला नाही. फोन कानाला तसाच धरून त्यांनी दुसऱ्या हाताने सत्तेचाळीस व्हिडिओ निवडले आणि या वेळी मूळ प्रतीचा पर्याय दाबला. पट्टी सरकायला लागली. एक तास दहा मिनिटं लागतील, असं कॉम्प्युटर सांगत होता.

"किती वेळ लागेल?" फोनमधून आवाज आला.

"लागेल तासभर," मास्तर म्हणाले. "तुला काम असेल."

"नाही. तुम्ही जेवलात का?"

"नाही अजून. इथे तपासनीस आहेत. त्यांचंही व्हायचंय." मग, घसा साफ करून, सवय नसलेल्या माणसाने परक्या घराची बेल दाबावी तसं ते म्हणाले, "तू सांग काहीतरी. दिवसभर काय केलंस आज?"

ती सांगायला लागली. तपासनीस उठून स्वयंपाकघरात गेले आणि काय आहे ते शोधायला लागले.